निदान चुकले, की पाहिलेच नाही?

बाळाचा आजार डॉक्टरांना ओळखता आला नाही किंवा वेळेवर ओळखला गेला नाही, आणि त्यामुळे बाळ दगावले किंवा जन्माचे अधू झाले, तर आईबापांना न्यायालयात दाद मागता येते का? खेड्यातल्या शिक्षकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. गावात कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारा माणूस म्हणून लोक त्याच्याकडेच येतात.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, होय, मागता येते. पण हे ‘होय’ एका दिवसात तयार झालेले नाही. त्यामागे पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आहे. तो जितका न्यायालयांचा आहे तितकाच विज्ञानाचाही आहे. शिवाय हे ‘होय’ सगळीकडे सारखे लागू पडत नाही. पुण्या-मुंबईच्या पालकांना ते जसे उपयोगी पडते, तसे अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यातल्या कोरकू आईबापांना पडत नाही. असे का, ते समजून घेण्यासाठी हा इतिहास पाहू.

चुकणे आणि दोष

तान्ह्या बाळाचे निदान करणे मुळातच अवघड असते. मोठा माणूस कुठे दुखते ते सांगतो. बाळ सांगू शकत नाही. शिवाय वेगवेगळ्या आजारांची लक्षणे बाळाच्या अंगावर सारखीच दिसतात. दूध ओढत नाही, अंग थंड पडते, मलूल होते, श्वास जोरात चालतो. ही लक्षणे रक्तातल्या जंतुसंसर्गाची असू शकतात, न्यूमोनियाची असू शकतात, हृदयातल्या जन्मजात दोषाचीही असू शकतात. म्हणून चांगल्या डॉक्टरचेही निदान कधी चुकते, आणि प्रत्येक चुकीला कायदा दोष मानत नाही.

मग दोष कशाला म्हणायचे? इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘बोलम’ खटल्यात एक कसोटी सांगितली गेली. त्या शाखेतला साधारण कौशल्याचा, जबाबदार डॉक्टर त्या परिस्थितीत जसा वागला असता, तसे हा डॉक्टर वागला का, एवढेच पाहायचे. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा धरायची नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच कसोटी स्वीकारली असून २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात तिची पुन्हा सविस्तर मांडणी केली आहे.

बाळांच्या बाबतीत या कसोटीला धार आली ती ‘व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन’ या इंग्लंडमधल्या खटल्यामुळे. १९७० साली जन्मलेल्या एका बाळाच्या मेंदूला इजा झाली होती. चिमटा लावून प्रसूतीचा प्रयत्न करताना डॉक्टरांनी फार वेळ आणि फार जोराने ओढले, असे पालकांचे म्हणणे होते. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असे मत दिले. १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने खटल्याचा निकाल डॉक्टरांच्याच बाजूने दिला, पण डेनिंग यांचे विधान दुरुस्त केले. निर्णयातली चूक निष्काळजीपणाची असू शकते किंवा नसूही शकते; साधारण काळजी घेणाऱ्या डॉक्टरकडून ती झाली नसती, तर तो निष्काळजीपणाच, असे त्यांनी सांगितले.

या दुरुस्तीमुळे एक महत्त्वाचा भेद पुढे आला. डॉक्टरांनी बाळाला तपासले, विचार केला, दोन शक्यतांपैकी एक निवडली आणि ती चुकीची निघाली, ही एक गोष्ट. जे तपासायला हवे ते तपासलेच नाही, ही दुसरी. पहिल्या प्रकारात पालकांची बाजू बहुधा लंगडी पडते, दुसऱ्या प्रकारात ती भक्कम होते. पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

पालशेतचा समुद्रकिनारा

आईबापांनी डॉक्टरांवर दावा लावल्याचा आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्याचा आपल्या देशातला सुरुवातीचा गाजलेला खटला मराठी मुलखातलाच आहे. मुलगा बाळ नव्हता, वीस वर्षांचा होता. एप्रिल १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन त्याच्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या. नंतर टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि पाय प्लास्टरमध्ये घातला. त्याच रात्री मुलगा वारला. वडील स्वतः दौंडला डॉक्टर होते. त्यांनी आणि मुलाच्या आईने मिळून दावा लावला.

‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आईबापांच्या बाजूने निकाल दिला. खालच्या न्यायालयाने ठरवलेली नुकसानभरपाई होती ३,००० रुपये. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल, पण निकालाने मांडलेली तीन सूत्रे आजही वापरली जातात. रुग्ण स्वीकारायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो उपचार देताना, अशा तिन्ही टप्प्यांवर काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. रुग्ण एकदा स्वीकारला की हे कर्तव्य सुरू होते. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण चिखलदऱ्याचा प्रश्न नेमका इथेच अडतो.

एका डोळ्याच्या आजाराची गोष्ट

आता असा एक आजार घेऊ, की ज्याच्या इतिहासात विज्ञान आणि न्यायालये बरोबरीने चालत आली आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा हा दृष्टिपटलाचा आजार. डॉक्टर त्याला ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’, थोडक्यात ‘आरओपी’ म्हणतात.

गर्भात सुमारे सोळाव्या आठवड्यापासून डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्या पसरू लागतात. मध्यापासून कडेकडे जाता जाता हे काम नऊ महिने भरेपर्यंत पुरे होते. बाळ सातव्या महिन्यातच जन्मले, तर पडद्याची कड रक्तवाहिन्यांविना राहिलेली असते. गर्भापेक्षा बाहेर ऑक्सिजन जास्त, त्यात श्वासासाठी वरून दिलेला ऑक्सिजन. त्यामुळे वाहिन्यांची वाढ थांबते. काही आठवड्यांनी कडेचा भाग ऑक्सिजनअभावी उपाशी पडतो आणि रासायनिक संदेश सोडतो. त्या हाकेला ओ देऊन नव्या वाहिन्या फुटतात, पण वेड्यावाकड्या आणि नाजूक. त्यांतून रक्तस्राव होतो, व्रण धरतात, आणि शेवटी पडदाच ओढून सुटा होतो. बाळ कायमचे आंधळे होते. बाहेरून डोळा मात्र सुरुवातीला अगदी निरोगी दिसतो.

१९४२ साली बोस्टनच्या टेरी यांनी या आजाराचे वर्णन केले. कारण कळायला आणखी नऊ वर्षे लागली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने ते खरे ठरवले. मग ऑक्सिजन कमी देऊ लागले. आंधळी बाळे कमी झाली, पण श्वासाअभावी दगावणारी वाढली. म्हणजे ऑक्सिजन देणेही भाग आणि त्याचा धोकाही खरा. या कोंडीतून वाट निघाली ती १९८८ च्या सुमारास. पडद्याची उपाशी कड वेळेवर गोठवून टाकली तर आजार थांबवता येतो, असे अमेरिकेतल्या चाचणीत दिसून आले. पुढे त्यासाठी लेसर आला.

याच १९८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ‘विल्शर’ खटला होता. जवळजवळ तीन महिने आधी जन्मलेल्या एका बाळाच्या रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी नळी धमनीत घालायची होती, ती शिरेत गेली. त्यामुळे ऑक्सिजन प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिला आणि बाळाला जास्त दिला गेला. बाळाची नजर अधू झाली. चूक स्पष्ट होती. तरीही लॉर्ड्सनी पालकांच्या बाजूचा निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. कारण इतक्या लहान बाळाची नजर जायला पाच वेगवेगळी कारणे असू शकत होती, आणि या चुकीमुळेच ती गेली हे सिद्ध झाले नव्हते. चूक दाखवणे पुरेसे नाही. चूक आणि हानी यांना जोडणारा दुवाही दाखवावा लागतो.

आता चेन्नईला येऊ. ३० ऑगस्ट १९९६ रोजी तिथल्या सरकारी स्त्री व बाल रुग्णालयात एकोणतिसाव्या आठवड्यात एक मुलगी जन्मली. वजन १,२५० ग्रॅम. तिला ऑक्सिजन द्यावा लागला, आणि तो देऊन तिचा जीव वाचवला गेला. पण डोळे तपासायला हवेत हे घरी सोडताना कोणी सांगितले नाही, नंतरच्या भेटीतही सांगितले नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले तेव्हा वेळ निघून गेली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वडिलांना ५ लाख रुपये मंजूर केले. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम सुमारे १ कोटी ८० लाखांवर नेली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती शरद बोबडे नागपूरचे. पुढे ते सरन्यायाधीश झाले.

विल्शर खटल्यात न जुळलेला दुवा इथे कसा जुळला? इथे वाद ऑक्सिजन कमी दिला की जास्त, यावर अडून राहिला नाही. मुख्य प्रश्न होता, धोका माहीत असताना डोळे का पाहिले नाहीत? पाहिले असते तर उपचार उपलब्ध होता. हाच खटला १९७० सालच्या बाळाचा असता, तर पाहूनही करण्यासारखे काही नव्हते, आणि म्हणून न पाहणे हा दोषही ठरला नसता. एखादी गोष्ट वेळेवर पाहता येईल आणि पाहिल्यावर काही करता येईल, अशी सोय विज्ञान जेव्हा करून देते, तेव्हा ती न पाहणे हा कायद्याच्या दृष्टीने दोष होतो. कायद्याची कसोटी विज्ञानाच्या मागोमाग सरकते ती अशी.

आज आपल्याकडे चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासावेत असा दंडक आहे. खूपच लवकर जन्मलेल्या बाळाचे त्याहूनही आधी. चिखलदऱ्याकडच्या खेड्यातले असे बाळ अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात जगते-वाचते आणि घरी परतते. त्यानंतर तिसाव्या दिवशी त्याला पुन्हा घाट उतरून डोळे दाखवायला न्यायचे असते. हे आईला तिच्या भाषेत सांगितले का आणि कागदावर लिहून दिले का, यावर त्याची नजर अवलंबून असते.

सरकारी दवाखाना आणि मोफत उपचार

सरकारी डॉक्टरवर दावा लावता येतो का, अशी शंका बहुतेकांच्या मनात असते. याचे उत्तरही महाराष्ट्रातल्या एका खटल्याने दिले. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका स्त्रीची प्रसूती झाली आणि काही दिवसांनी संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात कापड राहून गेले आणि ती दगावली. उच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरायला नकार दिला होता. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो फिरवला. दवाखाना चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, राजसत्तेचा खास अधिकार नव्हे. म्हणून तिथल्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार आहे. भरपाई ३६,००० रुपये. घटना आणि अखेरचा निकाल यांत तेहतीस वर्षे गेली.

दिवाणी दाव्याचा हा संथपणा पाहता १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा पालकांना जवळचा वाटला. वैद्यकीय सेवा त्यात येते का हा वाद १३ नोव्हेंबर १९९५ च्या ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता’ निकालाने मिटवला. निकालाने तीन प्रकार केले. पैसे घेऊन उपचार होतात तिथे कायदा लागू. काही रुग्णांकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत बघतात, तिथे मोफत रुग्णालाही कायदा लागू. सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथे मात्र लागू नाही. केसपेपरचे नाममात्र शुल्क भरले तरीही नाही. २०१९ चा नवा कायदा आल्यावर डॉक्टर त्यातून सुटले असा युक्तिवाद झाला, पण तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केला.

पालकांच्या दृष्टीने १९९८ चा ‘स्प्रिंग मेडोज’ निकालही महत्त्वाचा. दिल्लीतल्या रुग्णालयात एका मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले आणि त्याचा मेंदू कायमचा निकामी झाला. रुग्ण मुलगा आहे, मग आईबाप कशाची भरपाई मागतात, असे रुग्णालय म्हणाले. न्यायालयाने सांगितले की मुलासाठी सेवा घेणारे आईबाप हेही ग्राहकच आहेत. मुलाला १२ लाख ५० हजार आणि आईबापांना त्यांच्या यातनांबद्दल वेगळे ५ लाख मिळाले.

चिखलदऱ्याचा प्रश्न

आता हे सगळे निकाल घेऊन चिखलदऱ्याला जाऊ. परतवाड्याहून घाट चढून गेले की थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध असलेले गाव लागते. पण तालुका म्हणजे तेवढे गाव नव्हे. सेमाडोह, काटकुंभ, चुरणी, हतरू अशा गावांभोवती विखुरलेली कोरकू वस्ती, पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांनी तुटणारे रस्ते, आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरांची जागा कधी भरलेली, कधी रिकामी.

इथल्या बाळाचा न्यूमोनिया ओळखला गेला नाही, तर दावा कोणावर लावायचा? ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ सांगतो, रुग्ण स्वीकारल्यावर कर्तव्य सुरू होते. इथे बाळ स्वीकारायला कोणी नसेल तर? ‘शांता’ निकाल सांगतो, सगळ्यांना मोफत असेल तर ग्राहक न्यायालय नाही. आणि प्राथमिक आरोग्य केंद्र तर सगळ्यांना मोफत. ‘विल्शर’ सांगतो, चूक आणि हानी यांचा दुवा दाखवा; दुवा दाखवायला कागद लागतो, आणि बाळाला कोणी तपासलेच नसेल तर कागदही नसतो. म्हणजे पाहण्यात कसूर झाली तर कायद्याचे दार उघडते, आणि पाहणारा माणूसच नसला तर तेच दार लागते. जिथे अन्याय मोठा, तिथे खटला अवघड.

डॉक्टर नसतो तेव्हा निदान होत नाही असे नाही. घरातली माणसे आपल्या परीने ते करतातच. न्यूमोनियाच्या बाळाचा श्वास जोरात चालतो, पोट भात्यासारखे वरखाली होते, कधी फुगते. पाहणाऱ्याला वाटते, दुखणे पोटात आहे. मग भूमका किंवा घरातली वडीलधारी बाई तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देते. मेळघाटात या प्रथेला ‘डंबा’ म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला असे पासष्ट चटके दिल्याची बातमी राज्यभर गाजली. प्रथा क्रूर आहे यात शंका नाही, आणि ती थांबलीच पाहिजे. पण अशा वेळी कायद्याचा हात सर्वांत आधी पोचतो तो विळा धरणाऱ्या हातापर्यंत. त्या बाळाचा श्वास मोजायला कोणी यायला हवे होते का, हा प्रश्न विचारायला वेगळी वाट लागते.

ती वाट जनहित याचिकेची. १९९२ मध्ये बंगालमध्ये एका जखमी मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले. १९९६ च्या ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली. इथे कोण्या एका डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागला नाही. व्यवस्थेनेच पाहिले नाही, हाच दोष ठरला.

मेळघाटाची गाऱ्हाणी याच वाटेने मुंबई उच्च न्यायालयात गेली. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. १९९५ पासून आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. तरीही मृत्यू थांबेनात, तेव्हा डॉ. राजेंद्र बर्मा यांची २००७ ची जनहित याचिका आणि तिच्यासोबतच्या याचिका वर्षानुवर्षे चालल्या. बालरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ नेमा, रिक्त जागा भरा, असे आदेश न्यायालयाने सरकारला वेळोवेळी दिले. या वाटेने एकेका आईला भरपाई मिळाली असे होत नाही. मिळते ते एवढेच, की पुढच्या बाळाला पाहायला कोणी असावे ही जबाबदारी सरकारवर कागदोपत्री येते.

श्वास मोजणारे मणी

पाहणारा माणूस डॉक्टरच हवा का? या प्रश्नाचे उत्तर विदर्भातूनच आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दाया आणि आरोग्यसेवक यांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. दायांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हते. म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका आणि दर दहा श्वासांना एक याप्रमाणे सरकवायचे मणी असे साधन बनवले गेले. या कामाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतल्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये आला. पुढे ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्या बाळाच्या घरी सात.

हे मोजमाप वर्गात करून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी जोडीने बसून एकमेकांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. मग घरी झोपलेल्या लहान भावंडाचा मोजावा. वय जितके कमी तितका आकडा जास्त, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. धोक्याच्या रेषाही वयाप्रमाणे बदलतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त. तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच घाईने चालतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. आकडा साठ भरला तर पुन्हा एकदा मोजायचे, आणि तरीही साठ असेल तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचे.

डोळ्यांच्या आजारात जे घडले तेच इथेही घडते आहे. श्वास मोजणे इतके सोपे झाल्यावर, आणि तो मोजण्याचे काम कोणाला तरी नेमून दिल्यावर, तो न मोजणे ही केवळ नशिबाची गोष्ट राहत नाही.

पालकांनी काय करावे

पहिली गोष्ट कागदाची. माता व बाल संरक्षण कार्ड, केसपेपर, पुढच्या दवाखान्यात पाठवतानाची चिठ्ठी, घरी सोडतानाचे कार्ड, हे सगळे जपून ठेवावे. भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे ठेवले पाहिजेत, आणि मागितल्यावर ७२ तासांत दिले पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. मागणी लेखी करून पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट वेळेची. ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाच्या हक्काला मुदतीच्या कायद्याचे खास संरक्षण आहे, पण तेवढ्यावर विसंबून थांबू नये.

तिसरी गोष्ट पोलिसांची. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो ढोबळ असावा लागतो, आणि त्याबद्दल आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे मत घ्यावे लागते, असे ‘जेकब मॅथ्यू’ निकाल सांगतो. रागाच्या भरात पोलीस ठाण्यात धाव घेण्यापेक्षा आधी कागद जमवणे अधिक उपयोगाचे.

चौथी गोष्ट वकिलाची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री आणि बालक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कोरकू आई आपल्या बाळासाठी न्याय मागते तेव्हा या तिन्ही कारणांनी ती त्यास पात्र असते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. तो लिहून देणे शिक्षकाला सहज जमेल.

शाळेच्या वाट्याचे कामही थोडे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे शोधण्यासाठी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने यावे अशी त्यात तरतूद आहे. हृदयातले छिद्र, निखळलेला खुबा, बहिरेपण, मोतीबिंदू, असे कितीतरी दोष बाळपणी नजरेतून सुटतात आणि पुढे शाळेत ‘मंद’, ‘आळशी’ असे शिक्के होऊन बसतात. पथक आले की किती मुले तपासली, कोणाला पुढे पाठवले, आणि त्यांतली किती प्रत्यक्ष पोचली, याची एक वही शाळेने ठेवावी. पथक आले नाही तर तेही तारखेसह लिहावे. उद्या एखाद्या आईला कुणी विचारले की तुमच्या मुलाला कधी कोणी तपासले होते का, तर उत्तर त्या वहीत सापडेल.